ताप नसलेला आजार

प्रिय गुंड्या,

फोनवर तू बोलायला लागलास की मला मध्ये तोंड घालायला जागाच मिळत नाही, म्हणून हे पत्र. तलावावर पोरांना ओरडून ओरडून पोहायला शिकवतोस, तो आवाज बहिणीशी बोलतानाही खाली येत नाही. परवा अर्धा तास तू आपल्या लेकीच्या, भिंगरीच्या नावाने खडे फोडलेस. सकाळी उठत नाही, दोन फेऱ्यांत दमते, स्पर्धा तोंडावर आली तरी अंग चोरते. येत्या रविवारपासून तिचा सराव दुप्पट करणार, म्हणालास. मी नुसती हूं हूं करत राहिले.

आपल्या घरात थर्मामीटरचा केवढा वट होता, आठवतं? जंतूंपुढे प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी पडते, हा दोष आईच्या माहेरचा. तो माझ्या वाट्याला आला, तुझ्यात गपचूप बसून राहिला आणि तुझ्या लेकीत पुन्हा वर आला. पारा चढला की मी राणी, सगळं घर माझ्या उशाशी. तू इतका जळायचास की एकदा थर्मामीटर गरम चहात बुडवून फोडलास. आणि पारा चढला नाही की आई पांघरूण ओढायची, ताप नाही ना, मग ऊठ. तिचं तरी काय चुकलं? जंतूंनीच मला छळलं होतं, ती त्यांच्यावरच डोळा ठेवून होती. तोच कायदा तू तुझ्या घरी चालवतोस आणि मीही कितीतरी वर्षं स्वतःवर चालवला.

म्हणून तर शिवणाच्या दुकानात कात्री जड वाटायला लागली तेव्हा मी आधी ताप पाहिला. नव्हता. मग म्हटलं, बाई, वय झालं तुझं. रंग काळवंडला, तर गिऱ्हाइकं विचारायची, सुट्टीवर जाऊन आलात का. जिभेला सारखं मीठ हवं असायचं. एक दिवस कापड बेततानाच खाली कोसळले. इस्पितळात तू फळांची टोपली घेऊन आलास आणि बोलता बोलता निम्मी तूच संपवलीस, पण मला नेमकं झालं काय हे विचारायचं तुझं राहूनच गेलं. माझ्या मूत्रपिंडांवरच्या दोन इवल्या ग्रंथी बंद पडत होत्या. हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आपल्यासारख्यांची प्रतिकारशक्ती जंतूंपुढे कमी पडते आणि कधी कधी आपल्याच ग्रंथींवर उलटते. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं, आणि त्याला ताप यावाच लागतो असं नाही. आता रोज गोळ्या घेते आणि दिवसभर उभी राहून काम करते. तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. शनिवारी भिंगरी स्पर्धेचा पोशाख शिवायला माझ्याकडे आली होती. उंची वाढली आहे, पण उन्हाळ्यात मीच शिवलेला फ्रॉक तिच्या कमरेला ढगळ होतोय. तू कौतुकाने सांगतोस, पोरगी तलावावर उन्हाने रापली. अरे, तिच्या हिरड्या काळ्या पडल्यात, तळहाताच्या रेषासुद्धा. तिथे कुठलं ऊन लागतं? मी दोरा ओवत होते तेवढ्यात ती स्वयंपाकघरात जाऊन तळहातावर मीठ घेऊन चाटत होती. मी डॉक्टर नाही, माझा अंदाज खोटा ठरला तर आनंदाने तुझी बोलणी खाईन. पण सराव आजच बंद कर आणि उद्याच तिला इस्पितळात ने. तिच्या प्रतिकारशक्तीच्या दोषाचं सांग, माझ्या ग्रंथींचंही सांग, आणि रक्तातले हार्मोन तपासा म्हणून हटून बस. मध्येच उलट्या झाल्या किंवा ती गळून पडली तर उद्याचीही वाट बघू नकोस, तसाच घेऊन नीघ. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच म्हणाला असतास, ताई, ताप नाहीये तिला. तो मीही पाहिला, खरंच नाहीये. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मला तुझ्याशी बोलताना रडू आल्याशिवाय सांगता आली नसती. माप घेताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, मी खूप जोर लावते गं. बाबाला वाटतं मी आळशी आहे. मी आहे का?" मी तिला जवळ घेतलं. उत्तर तिला तुझ्या तोंडून हवंय रे.

तुझ्यावर आणि तुझ्या पोरीवर जीव टाकणारी, तुझीच
ताई