दुसऱ्या अंकाची हजामत

पार्मा, २६ डिसेंबर १८३२

शिट्ट्या! पहिल्या अंकाला टाळ्या, दुसऱ्याला शिट्ट्या. वरच्या गॅलरीतली एक तर इतकी कर्कश, की खाली वाद्यवृंदात पियानो वाजवता वाजवता माझं बोट घसरलं. व्यवस्थापक बोनफांती म्हणाला, "माएस्त्रो, आणखी दोन खेळ बघतो. नाहीतर तुमचा ऑपेरा उतरवतो." म्हणजे मी परत गावी, चर्चमधला ऑर्गन बडवायला. त्रेपन्नाव्या वर्षी!

२७ डिसेंबर

सकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. झेलिंदो त्याचं नाव. गालाला फेस लावता लावता म्हणतो, "काल बघितलात का, सिन्योर, त्या गारुफीचा ऑपेरा?"

गारुफी म्हणजे मीच! पण गॅलरीतून माझं टक्कल तेवढं दिसतं, तोंड कुठलं दिसायला?

"कसा होता?" – मी, अगदी भोळा.

"दुसऱ्या अंकात बाई मरायला निघते... आणि निघतेच आहे, निघतेच आहे! आमची सासूसुद्धा दारात इतका वेळ निरोप घेत नाही. मग घातली मी तोंडात दोन बोटं."

म्हणजे तो हाच! वस्तरा माझ्या गळ्यावर. म्हटलं, "बरोबर केलंत."

घरी येऊन ते मरणाचं गाणं वाजवून पाहिलं. गाढव खरं बोलतोय! निम्मं कापलं. एर्सीलियाबाई – माझी नायिका – कडाडल्या, "माझे वरचे सूर कापलेत? मग गळाच कापा ना!"

खेळाला शिट्ट्या कमी.

२८ डिसेंबर

पुन्हा झेलिंदो. दाढी उगवलीसुद्धा नव्हती.

"सुधारलंय हो," तो म्हणाला. "पण बाई मरताना तुताऱ्या कशाला? वरात आहे का? माझी पहिली बायको गेली, तेव्हा घरात नुसती घड्याळाची टिकटिक."

माझी बायको, लूचा, गेली तेव्हाही असंच होतं. हे मला ठाऊक होतं – आणि तरी मी तुताऱ्या लिहिल्या!

काढल्या. खोल आवाजाचा एकटा चेलो ठेवला. बोनफांतीनं कपाळ बडवून घेतलं.

२९ डिसेंबर

काल बाई मेल्या – हळूच. गॅलरी चिडीचूप. मग टाळ्या! मला तीनदा ओढत रंगमंचावर नेलं, थेट गॅलरीसमोर. एर्सीलियाबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या टकलाचा मुका घेतला. ऑपेरा उतरवायचं आता कुणी नाव काढत नाही.

३० डिसेंबर

झेलिंदोनं दाढी करायला साफ नकार दिला. "नाही, माएस्त्रो," म्हणाला. "परवा शिट्टी वाजवायला गेलो आणि रडून आलो. आता तुमच्या गळ्याला वस्तरा लावायला हात धजत नाही."