बंपर तेवढा वाकला होता

अहो,

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आज तुमची ती लाडकी गाडी गॅरेजमधून परत आली आणि माझं डोकं फिरलं. भांडायला मला दुसरं आहे तरी कोण?

मेकॅनिक कौतुकाने सांगत होता, बंपर तेवढा वाकला होता, बाकी गाडी ठणठणीत आहे. पन्नासच्या दशकातलं अमेरिकन लोखंड ना ते! चौकात एवढीशी धडक बसली. गाडी जशीच्या तशी राहिली आणि तुम्ही स्टिअरिंगवर आपटून गेलात. सीटला पट्टाच नव्हता तिच्या.

पट्टे बसवून घ्या म्हणून किती मागे लागले होते मी? "भोकं पाडली की ओरिजिनल राहत नाही, कार शोमध्ये मार्क जातात," हे तुमचं उत्तर. घ्या आता मार्क.

आणि माझी नव्वदच्या दशकातली करडी गाडी? तीही अमेरिकनच, पण तुमच्या लेखी प्लॅस्टिकचा डबा. ना क्रोम, ना मागे ते मिरवायचे पत्र्याचे पंख. बर्नाबीच्या रस्त्यावर बर्फावरून घसरून मी खांबावर आदळले, तेव्हा तिचं नाक पापडासारखं चुरलं. मला पट्ट्याने धरून ठेवलं. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि तुम्ही हसत होतात, "माझ्या गाडीला ओरखडासुद्धा आला नसता." खरंच नाही आला हो. गाडी चुरते ती आतला माणूस चुरू नये म्हणून, एवढं तुमच्यासारख्या इंजिनिअरला कळू नये?

लोक येऊन सांगतात, आवडत्या गाडीत गेले, भाग्यवान. मी राग गिळून चहा देते.

आता तुमच्या लेकाचं ऐका. "आई, इट्स बाबाज कार," म्हणे, रविवारी सईला फिरवून आणतो. सहा वर्षांची पोर ती. मी पट्ट्यांचं नाव काढलं तर म्हणाला, "बाबांना आवडलं नसतं." मी चावी उचलून पर्समध्ये टाकली. अमेय न जेवता गेला.

तर शब्द देते तुम्हाला. माझी नात त्या गाडीत बसणार नाही. विकणारही नाही मी ती, दुसऱ्या कुणाच्या घरात हेच व्हायला नको. मंगळवारी भंगारवाला येतोय. राग येईल तुम्हाला. येऊ दे. नेहमीसारखे बेसमेंटमधून ओरडत वर या, ताट ढकलून द्या, पण या.

तुमची,
सुनंदा