पणाला लागलेली मिशी

तीर्थस्वरूप साडूभाऊंना,

एका हाताचा नमस्कार. (दुसरा हात गळ्यातल्या झोळीत आहे. उरलेला अर्धा नमस्कार समक्ष भेटीत पुरा करीन.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. तुमची, ताईंची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेलच, तरी तुमच्या उजव्या गुडघ्याविषयी जरा सविस्तर कळवावे. जिना उतरताना तो अजून वाजतो का, चढावर आधी दम संपतो की गुडघा, हे मी निव्वळ आपुलकीपोटी विचारतो आहे. येत्या रविवारच्या सायकल शर्यतीशी त्याचा संबंध जोडू नये.

शर्यतीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून (काढला नाहीत, पण मनात असणारच) सांगतो, सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला सगळ्यांदेखत आपण लावलेला पण मी विसरलेलो नाही. पंचेचाळिशीच्या वरच्यांच्या शर्यतीत आपल्या दोघांत जो मागे राहील त्याने मिशी उतरवायची, आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीपर्यंत ओठ कोरा ठेवायचा. सासरे पंच. गेली चार वर्षं मी शर्यतभर तुमची पाठ बघत आलो आहे. तुमच्या बनियनला मागे डाव्या खांद्याशी एक रफू आहे, तो तुम्ही कधी पाहिला नसेल, मला तोंडपाठ आहे. यंदा मात्र मी कंबर कसली होती. पाच महिने पहाटे उठलो, चहातली साखर सोडली, दुकानात स्टुलावर बसून पाट्या रंगवायचो ते मांड्या बळकट व्हाव्यात म्हणून उभ्याने रंगवू लागलो. (त्यामुळे एका दंतवैद्याच्या पाटीवरचा दात जरा उंच गेला. गिऱ्हाईक म्हणालं, छान दिसतो.) बावीस वर्षं सांभाळलेली मिशी तुमच्या गुडघ्यापुढे हरायची नाही, असा मी चंग बांधला होता.

पण नशिबात काय वाढून ठेवलेलं असतं बघा. शर्यतीच्या रस्त्यावरच्या अकरा पाट्या रंगवायचं काम समितीने माझ्याकडेच दिलं होतं. त्यातली शेवटची पाटी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर, ‘सावकाश जा, पुढे वळण आहे’ अशी, लाल रंगात. घाई होती म्हणून गेल्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी ओलीच उभी केली. शुक्रवारी पहाटे सरावाला निघालो, उताराला लागलो, वेग असा धरला की तुम्ही पाहिला असतात तर तिथल्या तिथे वस्तरा मागवला असतात. आणि समोर पाटी दिसली. साडूभाऊ, दुसरा कुणी असता तर त्याने पाटी वाचली असती आणि वळला असता. मी वाचली नाही. रंगाऱ्याने स्वतःची पाटी कधी वाचलेली ऐकलीय? मी अक्षरं बघितली, आणि ‘वळण’च्या खाली रंगाचा एक ओघळ आलेला दिसला. इतक्या वर्षांत माझ्या पाटीला ओघळ आलेला नव्हता. हा आला कुठून, ब्रश जास्त भरला की तेल जास्त पडलं, याचा मी विचार करत राहिलो. रस्ता डावीकडे गेला. मी विचार करत सरळ गेलो.

पाटी मजबूत होती, हे मी अभिमानाने नमूद करतो. ती हलली नाही. मीच तिच्यावरून घसरत खाली आलो, आणि तिचा सगळा ओला लाल रंग माझ्या तोंडाला, छातीला आणि हातांना लागला. मागून येणाऱ्या दूधवाल्याने तो अवतार पाहिला आणि धीर द्यायचं सोडून आधी स्वतःच रस्त्यात बसकण मारली. मग त्याला मीच उठवलं, आणि त्याच्या गाडीत कॅनांच्या मधे बसून दवाखान्यात गेलो. डॉक्टर बिचारे पंधरा मिनिटं टर्पेंटाइनचा बोळा घेऊन रक्ताचा उगम शोधत होते. अखेर कोपर खरचटलेलं आणि वरच्या ओठाला दोन टाक्यांपुरती चीर, एवढंच हाती लागलं. त्यांचा चेहरा पडला. दिसायला केस मोठी होती.

तेव्हापासून मी अंथरुणाला खिळून आहे. भेटीला येणारे लोक माझ्याकडे दोन मिनिटं आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे अर्धा तास बघतात. सायकलवाला तर दारातूनच ‘पुढचं चाक गेलं ना?’ असं म्हणत आत आला, चाक काढून घेऊन गेला, आणि मी कसा आहे हे त्याने जिना उतरल्यावर खालून ओरडून विचारलं. तुमची मेहुणी सेवा करते आहे, पण अधूनमधून पाठ फिरवून तिचे खांदे हलतात. रडत असावी.

सासऱ्यांना सा. नमस्कार सांगावा, पण ते इकडे फिरकणार नाहीत असं बघावं.

आपला,
(सध्या) जायबंदी साडू

ता. क. – टाके घालायचे म्हणून नर्सबाईंनी मिशीची उजवी बाजू उतरवली. डावीत रंग असा सुकून बसला की तीही उतरवावी लागली. शर्यत व्हायच्या आधीच मिशी गेली आहे. कुणाला बोललो नाही, तोंडाला रुमाल बांधून बसतो. आरशात जो माणूस दिसतो त्याला मी दुकानात उधारीवर पाटी दिली नसती. खरं सांगतो, रविवारी सगळ्या गावासमोर या तोंडाने एकट्याने उभं राहायची मला लाज वाटते.

ता. क. दुसरा – म्हणून धाकट्या भावाची एकच विनंती. तुम्हीही मिशी उतरवून या. दोघांचे ओठ सारखे दिसले की कुणी विचारणार नाही. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून केलं, असं सांगू. तुमच्या मनाचा मोठेपणा मी जाणतो.

भावोजी, ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गळ्यातली झोळी शनिवारीच सुटली. चाकही काल दुरुस्त होऊन आलं. आज पहाटे ह्यांनी त्याच हाताने सायकल जिन्यावरून खाली नेली, आणि टाकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. मिशी मुळीच उतरवू नका. दुकानात मागच्या बाजूला एक नवी पाटी वाळत ठेवली आहे, ‘साडूभाऊंनी शर्यतीआधीच हार मानली’. त्यावर मिशीचं चित्रही आहे, काट मारलेलं. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ह्यांचा ओठ दिसला. हसताना तो एका बाजूला आधी उचलला जातो, मला माहीतच नव्हतं. मला फार आवडला. तेव्हा रविवारी गुडघ्याला तेल लावा, पट्टी बांधा, काय वाटेल ते करा, पण ह्यांना हरवाच. जिंकले तर परत वाढवतील.