सत्त्याहत्तर नंबरची गोळी

४ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण आळस नाही, संताप आहे. रागात लिहिलं की माझं अक्षर बिघडतं, आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं अक्षर मी तुरुंगाच्या अधीक्षकापायी बिघडू देणार नाही.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी मी धर्मादाय दवाखान्याच्या मंडळींबरोबर तुरुंगात जाते, हे तुला ठाऊक आहेच. एक डॉक्टर, एक औषधवाला आणि चाळीस वर्षं नर्सगिरी केलेली तुझी बहीण. जुन्या विणकामाच्या शेडमध्ये आम्ही टेबल मांडतो. चार नंबरची बराक साठ माणसांसाठी बांधलेली. आत आहेत दोनशे दहा. तिघांत एक जागा, म्हणून तीन पाळ्यांत झोपतात. सगळे एका कुशीवर, चिकटून. कूस बदलायची तर एक जण हाक देतो आणि अख्खी रांग वळते. निम्म्यांचा खटलाही उभा राहिलेला नाही. कोंडवाड्यात गुरं घालताना माणूस याहून जास्त विचार करतो.

त्या बराकीत सत्त्याहत्तर नंबरचा कैदी होता. धंद्याने शिंपी, आजार क्षयाचा. आमची पद्धत अशी, की आठवड्याची पहिली गोळी माझ्यासमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मग कार्डावर माझी सही आणि उरलेल्या गोळ्यांची पुडी हातात. परवा तो आला, तोंडाला फडकं बांधूनच. फडकं खाली केलं, गोळी गिळली, आ केला. मी सही केली. दुपारी कार्डं कचेरीत द्यायला गेले तर कारकून म्हणाला, बाई, हे कार्ड कशाला आणलंत, सत्त्याहत्तर तर मोठ्या इस्पितळात वीस जुलैला वारला.

भाऊ, वीस जुलैनंतर मी त्याला दोनदा गोळी दिली आहे. चूक माझी आहे. मी घसे बघते, चेहरे बघत नाही. सत्तर जणांची रांग असते. पण मग माझ्यासमोर गोळी गिळली कोणी?

वहिनीला आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग तुझ्या वहिनीने वाचलं आणि हसणं बंद करायला लावलं. लहानपणी माझी आंघोळ झाली की नाही हे तू माझे कान बघून ठरवायचीस, चेहऱ्याकडे ढुंकून बघितलं नाहीस. तेव्हा नवल नाही.

मी तीस वर्षं कोर्टाच्या दफ्तरखान्यात काढली. कागदावर मेलेली पण पेन्शन घ्यायला चालत आलेली माणसं मी पाहिली आहेत. कागद चुकतो, ताई. आधी तेवढंच धर. आणि खात्री करायची तर वजन कर. फडक्याने चेहरा झाकेल, वजन कसं झाकणार? कार्डावर मागचं वजन असेलच.

तुझी वहिनी म्हणते, त्यांना सांगा की सत्तरीला टेकल्यावर बायका जपमाळ ओढतात, तुरुंगाचं दार नाही. निरोप तिचा आहे, माझ्यावर रागावू नको. जेवण वेळेवर घेत जा.

तुझा,
भाऊ

१७ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वहिनीला सांग, जपमाळ ओढून क्षय बरा होत असता तर मीही ओढली असती.

वजन केलं. शिंप्याचं शेवटचं वजन चव्वेचाळीस. काल जो आला त्याचं त्रेपन्न. मेल्यावर नऊ किलोंनी वाढलेला माणूस मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी त्याला विचारलं, तू कोण. तो जमिनीकडे बघून म्हणाला, सत्त्याहत्तर. आणि भाऊ, त्याच क्षणी मागची सगळी रांग खोकायची थांबली. तुरुंगातली सत्तर माणसं, आणि एक खोकला नाही.

तो नाव सांगेना. त्याला अधीक्षकाच्या हवाली करायला माझं मन घेईना. मी बराक बघायला मागितली. अधीक्षक म्हणाला बायकांना आत परवानगी नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी पुरुषांची शौचाची भांडी उचलली आहेत, तेव्हा कोणाला परवानगी आठवली नव्हती. न्यायाधीशांना पत्र टाकीन म्हटल्यावर किल्ली निघाली.

भर दुपारचे दोन. एक पाळी झोपलेली, बाकीचे भिंतीला टेकून उभे. पाऊल टेकायला फट नव्हती. आणि खिडकीखाली एका माणसाएवढी जागा रिकामी. लांबीला, रुंदीला बरोबर एका माणसाएवढी. दोन्हीकडची माणसं तिच्यापासून अंग चोरून झोपलेली.

बराकीचा म्होरक्या म्हातारा आहे. मी विचारल्यावर तो म्हणाला, शिंप्याची जागा आहे. तो गेल्यावर दोघांनी झोपून पाहिलं, पण कानाशी खोकला ऐकू येतो. आता कोणी झोपत नाही. मी म्हणणार होते की हा वेडेपणा आहे. तेवढ्यात कोणीतरी हाक दिली आणि रांग वळली. वळण्याची लाट त्या जागेपाशी येऊन अडली, मधे कोणी असावं तशी, आणि तेवढी जागा सोडून पुढे गेली. मग खोकला आला. कोरडा, दोनदा. मी समोरची तोंडं पाहत होते, या वेळी चेहरेच पाहत होते. सगळी मिटलेली होती.

भुतंखेतं मी मानत नाही. भिंतीपलीकडे कोणी खोकलं असेल. पण त्या बराकीत क्षय मोकाट फिरतो आहे हे मी मानते. बाहेर आल्याबरोबर अधीक्षकाकडून लिहून घेतलं: दोनशे दहाही जणांची थुंकी तपासायची.

तुझी,
ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी वहिनी दोन दिवस दिवा लावून झोपते आहे. मी तिला भिंतीचं सांगितलं, तिने मला विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे हे ताईंनी पाहिलं का. पाहिलंस का?

पण मी वेगळ्या कारणाने लिहितो आहे. जुन्या सहकाऱ्याकडून फायली काढवल्या. त्या तुरुंगातून मोठ्या इस्पितळात पाठवलेल्याला खाटेला बेडी घालतात. दोन वर्षांत चौदा जण गेले, अकरांचे फक्त कागद परत आले. आता सांग, बराकीत ज्याला आपल्याला क्षय आहे हे कळलं असेल, तो तुझ्यासमोर आपल्या नावाने उभा राहील का? मेलेल्याला पुन्हा कोण इस्पितळात पाठवणार?

तपासणी करताना हे ध्यानात ठेव. आणि नाकाला फडकं बांध, तू काही लोखंडाची नाहीस.

तुझा,
भाऊ

८ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तू दफ्तरखान्यात आयुष्य फुकट घालवलंस असं मी जे म्हणत असे ते परत घेते. नेमकं तसंच निघालं.

दोनशे दहा डब्या दिल्या, परत आल्या दोनशे अकरा. जास्तीची डबी आमची नव्हती. औषधाची धुतलेली बाटली, वर पेन्सिलीने सत्त्याहत्तर. नऊ जणांना क्षय निघाला. दहावी ती बाटली, आणि सगळ्यांत जोरकस रोग तिच्यात. म्हणजे कोणी एक जण स्वतःच्या डबीत दुसऱ्याची थुंकी देऊन मोकळा झाला, आणि स्वतःची मेलेल्याच्या नावावर.

नऊ जणांना इस्पितळात न पाठवता विणकामाच्या शेडमध्येच वेगळं ठेवायचं, हे मी पदरात पाडून घेतलं. दहाव्याचं नाव मात्र अधीक्षकाने माझ्याकडे मागितलं. म्हणाला, हजेरीवर नाही त्याला औषध नाही. नाव द्या, नाहीतर दवाखाना बंद. नऊ जणांच्या गोळ्या माझ्या मुठीत, भाऊ, आणि नाव दिलं तर दहाव्याच्या पायात बेडी.

गुरुवारी त्या दहाव्याला पकडायला अधीक्षकाने दोन शिपाई उभे केले. रांग आली ती सत्तरही तोंडांना फडकी बांधून. मी एकाचाही नंबर पुकारला नाही. प्रत्येकाला आ करायला लावलं, प्रत्येकाला एक गोळी घातली, हातात पुडी दिली. एकोणसत्तर जणांना ताकदीची, एकाला क्षयाची. चेहरा मला आजही माहीत नाही. घसा मी ओळखला. शिपाई फडकी मोजत राहिले.

मग कचेरीत जाऊन अधीक्षकाला नावाऐवजी जबाब लिहून दिला. सिस्टरांनी खोटं लिहायला शिकवलं नव्हतं, म्हणून खरं तेच लिहिलं: सत्त्याहत्तर नंबरचा रुग्ण वीस जुलै रोजी मृत. औषध नियमित घेतो. सुधारणा आहे. पहिलं वाक्य त्याच्या दफ्तरातलं, पुढची दोन माझ्या कार्डावरची. त्याने तीनदा वाचलं. कोणतं खोडायचं ते त्याला ठरवता येईना, कारण पहिलं खोडलं तर त्याची नोंद खोटी, आणि बाकीची खोडली तर महिनाभर त्याच्या नाकाखालून मेलेला माणूस दवाखान्यात आला हे वर कळवायचं. कागद खणात गेला. दवाखाना चालू आहे.

निघताना म्होरक्या भेटला. म्हणाला, खिडकीखालचा खोकला चार दिवस झाले बंद आहे. मी म्हटलं, मग आता तरी कोणाला झोपू द्या तिथे, जागा अडवून बसलात. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, असं कसं बाई, त्याचा आत्ता कुठे डोळा लागला आहे.

मी हळू पावलांनी बाहेर आले.

वहिनीला सांग, दिवा मालवायला हरकत नाही. लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.

तुझी,
ताई