आधी कडू, मग बाकीचं

आई, काल आपल्या गच्चीवर पंगत झाली. दुसऱ्या मजल्यावर विदर्भातलं एक कुटुंब राहायला आलंय, त्यांच्याकडचा पाटवड्यांचा रस्सा होता. रस्सा इतका जहाल की सोसायटीच्या सेक्रेटरींचं टक्कल घामानं चमकायला लागलं. तू असतीस तर त्यांना काहीतरी ऐकवलं असतंस आणि ते चार दिवस गाल फुगवून बसले असते. मला तसं नेमकं बोलायला जमत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाबा गेले तेव्हा मी नुकतीच हिंजवडीला लागले होते. सकाळी कंपनीची बस, जेवण तिथल्या कँटीनमध्ये, नारायण पेठेत परत येईपर्यंत दिवेलागण उलटून गेलेली. आणि तू स्वयंपाक करणंच सोडून दिलंस. "एका जिवासाठी कसला कुकर लावायचा?" म्हणायचीस आणि चहात खारी बुडवायचीस. फार तर एखादं केळं. तुझे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या तू नेमानं घ्यायचीस. जेवायची मात्र नाहीस. मी रागावून झालं, रडून झालं, शेवटी समोरच्या वहिनींना पोळीभाजी द्यायला सांगितलं, तर तू त्यांना उंबऱ्यातच म्हणालीस, "अहो, आमच्याकडे अजून कुणी आजारी नाही." मला वाटायचं, बाबांच्या मागोमाग तूही जाणार.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर बंगाली भाडेकरू आले. मुलगा माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला, आणि त्याची विधवा आई. जिन्यात माशांचा वास यायला लागला तशी बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि सेक्रेटरींनी फळ्यावर 'कृपया' पासून सुरू होणारी ती सूचना लिहिली. तुलाही वास आवडत नव्हताच. पण एकदा मंडईत तू त्या बाईंना भाजीवाल्याशी हुज्जत घालताना पाहिलंस. तो फ्लॉवरचे दांडे आणि मुळ्याचा पाला काढून टाकत होता आणि त्या तेच मागत होत्या. घरी येऊन मला म्हणालीस, "ती बाई भोपळ्याच्या सालीसुद्धा परतून खाते म्हणे. आपल्या पेठेत अशी एक बाई दाखव मला." इतक्या दिवसांत तू आपणहून खाण्याविषयी बोललीस, ते हे. मी हातातली पिशवी रिकामी करत राहिले, न जाणो मधेच थांबशील म्हणून.

मग त्यांनी एका रविवारी अख्ख्या बिल्डिंगला जेवायला बोलावलं. फळ्यावरची सूचना त्यांना वाचता आली नव्हती की आली होती, देव जाणे. तू आलीस ती सालीची भाजी कशी लागते एवढं बघायला. आपण सगळे सतरंजीवर ओळीनं बसलोय. ताटात मधोमध भात आणि त्याच्या कडेला एकच भाजी: कारलं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, वरून जरा दूध घातलेली. बस. ना मीठ, ना लिंबू, ना वरण. आपण हात मांडीवर ठेवून बसलो. ताट पुरतं वाढून होत नाही आणि घरची बाई 'सावकाश होऊ द्या' म्हणत नाही, तोवर पुण्यात कोण हात लावतो? त्या स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरत उभ्या. आपण त्यांच्याकडे बघतोय, त्या आपल्याकडे. भात गार होतोय. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "एवढंच असेल तर उठावं का?" बाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हे लोक आपल्या हातचं शिवणारच नाहीत.

शेवटी तूच तोंड उघडलंस, तुझ्या त्या अगाध हिंदीत. "बाकीका किधर हय?"

"पहले तेतो खाएगा, दीदी," त्या जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "ये खतम होगा, तब दाल आएगा. फिर भाजा. फिर दूसरा. एक-एक करके." तेतो म्हणजे कडू, भाजा म्हणजे तळलेलं, हे त्यांच्या मुलानं सांगितलं.

तू हसलीस. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत. आणि ओळीकडे वळून म्हणालीस, "जेवा हो. कडूत पास झाल्याशिवाय पुढच्या वर्गात घालणार नाहीयेत त्या." मग जेवलीस. कडू संपवलंस, डाळीवर भात मागून घेतलास, सालीची भाजी दोनदा. मी माझ्या ताटाकडे बघत राहिले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांदेखत रडले असते.

परतफेड करायची म्हणून तू कुकर लावलास. त्यांना डावं-उजवं असं साग्रसंगीत ताट वाढलंस, आणि त्यांनी शांतपणे एकेक पदार्थ संपवत लसणाची चटणी शेवटी ठेवली. त्यांच्याकडे चटणी गोड असते आणि जेवणाच्या शेवटी खातात, हे आपल्याला काय ठाऊक! अख्खा गोळा तोंडात. तू साखरेचा डबा घेऊन धावलीस. त्या डोळे पुसत हसत होत्या, आणि तूही.

तिथून पंगती गच्चीवर गेल्या. नियम तुझाच: ज्याचं जेवण त्यानं नुसतं शेजारी उभं राहून सांगायचं, रांधायचं दुसऱ्यांनी. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुसलमान चाचींचा दालचा तू केलास, डाळ-दुधीचा, बिनमटणाचा, आणि त्यांनी तुझं पुरण वाटलं. मासे असले की तू ओळीत बसायचीस, पण आपला वरणभात घेऊन. "तुम्ही खा, मी सोबत करते." साली, देठ जे खाण्यातूनही उरेल ते गच्चीवरच्या खताच्या पिंपात जायचं. महापालिकेची माणसं ओला-सुका वेगळा करा म्हणून सांगायला आली, तेव्हा ओल्याची बादली जवळजवळ रिकामीच होती. "आमच्याकडे कचरा होत नाही, पाहुणे होतात," असं तू त्यांना सुनावलंस. फळ्यावरची सूचना कधी पुसली गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. पण खाऊनपिऊन गेलीस, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. नंतर वरच्या मजल्यावरच्या त्या बंगाली काकू मुलाबरोबर कोलकात्याला परतल्या. पंगत मी चालू ठेवली आहे. लोक म्हणतात, आईचं काम पुढे नेतेस, बिल्डिंग बांधून ठेवलीस. मी मान हलवते.

काकू अजून फोन करतात. आता बऱ्याच थकल्या आहेत, मराठी मात्र तुझ्याकडून शिकलेलं तसंच आहे, ठसक्यातलं. पहिला प्रश्न एकच असतो, "जेवलीस का गं?" मी हो म्हणते. हा कागद काही मी त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते. आई, पंगतीच्या दिवशी मी पोटभर जेवते. एरवी कित्येकदा त्यांना खोटंच सांगते.