खिशातला बिल्ला

होटगी,
गुरुवार

प्रिय दिपाली,

फोनवर तू दोनदा विचारलंस, सगळं नीट पार पडलं ना? दोन्ही वेळा मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती फोनवर सांगता येईना.

आमच्या ह्यांची, बसवराजांची, पेटी आली तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत माणसंच माणसं होती. कारगिलच्या लढाईत बर्फाखाली गेलेला माणूस सव्वीस वर्षांनी गावात येत होता. लढाईनंतर जन्मलेली पोरंसुद्धा घोषणा देत होती. आणि मी, त्याची बायको, त्या तिरंग्याखालच्या पेटीकडे बघून मनात म्हणत होते, आत नक्की तुम्हीच आहात ना? असला विचार आला म्हणून माझी मलाच लाज वाटली.

आपली ओळखही त्याच बर्फाने करून दिलेली. तुझा अजिनाथ आणि आमचे हे एकाच गस्तीवर गेले, वरून बर्फाचा कडा कोसळला, बाकीचे सापडले, हे दोघेच सापडले नाहीत. सोलापुरातल्या त्या सत्काराला तू माढ्याहून एसटीने आली होतीस, सिदू पोटात. मंचावर सगळे बोलत होते आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "अक्का, मला लई भूक लागलीय." त्या दिवसापासून तू माझी बहीण.

सासूबाई तुला माहीत आहेतच. रत्नम्मांनी लेक गेला असं कधी मानलंच नाही. मला कुंकू पुसू दिलं नाही. गेल्या साली बर्फात अस्थी सापडल्या आणि पलटणीची माणसं रक्ताचा नमुना घ्यायला आली, तर हात पदराखाली लपवून म्हणाल्या, "मी रगत दिलं की तुमी त्याला मारून टाकनार. देत न्हाय." हे एकुलते एक, आम्हाला मूल नाही. दुसरं कुणाचं रक्त घेणार? अस्थींबरोबर ह्यांचा ओळखीचा बिल्ला सापडला होता, त्यावर नाव-नंबर स्वच्छ होता. त्यावरच ओळख पटली असं धरलं गेलं. त्यात कुणाला दोष देऊ?

पेटीबरोबर आलेल्या सुभेदारांनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. त्यात पट्ट्याचं बक्कल आणि तो बिल्ला. मी सहज विचारलं, "हा गळ्यात होता का?" भला माणूस, लपवलं नाही. म्हणाले, "नाही ताई, शर्टाच्या आतल्या खिशात होता, रुमालात गुंडाळलेला." मी बिल्ल्याची साखळी बघितली. कुठे तुटलेली नव्हती. "आणि गळ्यात काय होतं?" म्हटलं. ते म्हणाले, "काहीच नाही." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. इथे बसवायचं काय? पांढऱ्या कापडात अंगाच्या क्रमाने लावून गुंडाळलेल्या तेवढ्या अस्थी. स्वामी म्हणाले, भावना महत्त्वाची. सासूबाईंनी कापडावरून हात फिरवला, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. गुडघ्याखाली त्यांचा हात थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजाच हाय. द्या माती." बेलपानं पडली, भस्म पडलं, बंदुका वाजल्या. मला वाटलं, म्हातारीला पटलं, आता मलाही पटेल.

तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. त्या चुलीशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सुकन्या, तो आपला बसू न्हवं." लहानपणी झाडावरून पडून ह्यांची नडगी मोडली होती, हाड वाकडं जुळलं होतं. लग्नानंतर मीही ते बघितलेलं, हाताला उंचवटा लागायचा. "ह्याचं हाड उसावानी सरळ हाय." आधी मला वाटलं, आयुष्यभराचा हट्ट बोलतोय. मग बिल्ला आठवला. मी चिडून विचारलं, मग माझाच म्हणालात कशाला? तर म्हणाल्या, "यवढी वर्सं भायेर पडलेलं लेकरू दारात आलं, त्याला माघारी लावू व्हय? कुनाच्या तरी आईचं हायच की."

दिपाली, माणूस स्वतःचं नाव गळ्यात घालतो. रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो ते दुसऱ्याचं, घरी पोचवायचं म्हणून. मला वाटतं, कडा कोसळल्यावर आमचे हे आधी गेले. अजिनाथने त्यांचा बिल्ला काढून घेतला, मला आणून द्यायला, आणि मग तोही उतरू शकला नाही. त्याचा स्वतःचा बिल्ला बर्फातच कुठे तुटून पडला असेल. आमच्या मातीत तुझा माणूस आहे असा माझा संशय आहे. संशयच. खात्री सिदूच्या रक्ताने होईल, ती करायची का ते तू ठरव. अजिनाथच निघाला तर तुमच्या रीतीने सगळं पुन्हा करता येईल. माती उकरताना आपण स्वतः उभ्या राहू, असं सासूबाई म्हणाल्यात. तसं झालं तर ह्यांची वाट बघणं आम्हा दोघींना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, हे मला कळतं. तरी तू सिदूला घेऊन ये.

तुझीच,
सुकन्या