पाच अंगठे आणि नोरीनचा शेरा

तीर्थरूप इंगा आत्यास,

आर्विडचा दुलूथहून, सरोवराकडे तोंड करून, वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? कोंबड्या अंडी देतात की अजून रुसलेल्याच? मी मजेत आहे (म्हणजे नाही, पण ते पुढे येईलच).

सकाळपासून धुकं आहे. ऑफिसच्या खिडकीतून ना पूल दिसतो ना पाणी, नुसता भोंगा ऐकू येतो, आणि मी काम सोडून त्या भोंग्यामागचं जहाज कसं असेल याचाच विचार करत बसतो. जहाजासाठी पूल कधी उचलणार, हे गावाला कळवणारा प्रोग्राम आमची टीम लिहिते. रीत अशी, की एकाने लिहिलेला कोड बाकीच्यांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पण पडलो आपण मिनेसोटाची माणसं! कुणाचं मन मोडायला नको, म्हणून न वाचताच अंगठा वर करायचा आणि खाली लिहायचं, ‘छान!’

मग फिलाडेल्फियाहून नोरीन आली. तिने माझा कोड चक्क वाचला गं! वर लिहिलं, ‘धुक्यात जहाज दिसलं नाही की तुझा प्रोग्राम जहाज नाहीच असं धरून चालतो. लोक पुलाशी येऊन अडकतील ना, शहाण्या!’ आधी मी तोंड फुगवून बसलो. मग चूक दुरुस्त केली. आणि खरं सांगू, इतकं मन लावून मला आजवर कुणी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून ती बोलायला लागली की मला शब्द कळतच नाहीत, पाण्यावरून यावा तसा नुसता आवाज येत राहतो.

सोमवारी तिने आपला कोड माझ्याकडे दिला. म्हणाली, ‘तू तरी खरं सांग हं.’ पूल खाली आला तरी तिचा प्रोग्राम लोकांना थांबवूनच ठेवत होता (तिच्यासाठी मीही तसाच थांबलो असतो म्हणा). चूक मला दिसली होती, आत्या. आणि मी दिवट्याने काय लिहावं? ‘छान!’ पुढे ती चूक तिची तिलाच सापडली. ‘तूही त्यांच्यातलाच,’ एवढंच म्हणाली, आणि येत्या शुक्रवारचं, कायमचं परत जायचं तिकीट काढून मोकळी झाली. मला फार वाईट वाटतंय.

तुझा,
आर्विड

ता. क. पाद्रीबाबांना तू ‘प्रवचन लांबलं’ म्हणून तोंडावर सांगतेस, तरी ते तुझ्याकडे हॉटडिश खायला येतातच. हे कसं जमतं? नोरीनला सांगायचंय, की तू चुकलीस, मी त्याहून चुकलो, आणि जाऊ नकोस. कसं म्हणू ते लवकर कळव.

आणखी ता. क. घात झाला! सवयीने हे पत्र मी कोडबरोबर टीमकडे तपासायला टाकलं. पाच जणांनी न वाचता अंगठे वर केले. ‘छान!’ वाचलं फक्त नोरीनने. तिचा शेरा जसाच्या तसा: ‘पाल्हाळ फार. कोंबड्या काढ. मुद्दा शेवटी का? तो आधी घे, आणि इथे माझ्यासमोर येऊन म्हण. तिकीट रद्द करतेय.’

कोंबड्या मी काढणार नाही. तिचं तेवढं चुकलंय, आणि तसं तिला तोंडावर सांगायला आता उठतोय.